देवी डोंगर उतरून येते

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभाच्या आदल्या सायंकाळी गावकऱ्यांसमोर केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. तालुक्याच्या कचेरीत आवक-जावक टपालाची नोंद ठेवणारा मी एक साधा कारकून. शिक्षण म्हणाल तर एस.एस.सी. वडील नोकरीत असतानाच वारले, तेव्हा अनुकंपेवर मला घेतले, आणि तेव्हापासून लिहिणे हेच माझे काम. बोलणे हे माझे काम नव्हे. म्हणून समितीने चार शब्द बोलण्याचा आग्रह धरला तेव्हा मी आधी नकारच दिला होता. परंतु गेल्या दोन महिन्यांत बऱ्याच जणांनी मला वाटेत थांबवून एकच प्रश्न विचारला, "का हो, देवळाला हा लांबलचक उतार कशाला बांधला? आणि शिखर पाच फूट कमी का केले?" प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा सर्वांना एकदाच सांगावे म्हणून आज उभा आहे. हे उत्तर आमच्या घरच्या एका यात्रेत आहे. ती हकीगत आपण गोड मानून घ्यावी.

आपण समुद्रकाठची माणसे. पायाखाली खाजण, मिठागरे आणि वाडी. पश्चिमेला तोंड केले की दर्या, पूर्वेला तोंड केले की डोंगर. पोट आपले दर्याने आणि वाडीने भरले, पण नवस बोलायची वेळ आली की आपले हात डोंगराकडे जोडले जातात. दक्षिणेला विरारची जीवदानी आहे, तेराशेच्या वर पायऱ्या चढून जावे लागते. वज्रेश्वरी आहे. वसईची मोहीम फत्ते व्हावी म्हणून चिमाजी आप्पांनी तिला नवस बोलला, १७३९ साली किल्ला हाती आला आणि देवीचे मंदिर उभे राहिले. तिथेही बावन्न पायऱ्या आहेतच. उत्तरेला विवळवेढ्याची महालक्ष्मी, आणि घाट चढून पलीकडे गेले की वणीची सप्तशृंगी. आपले आजे-पणजे चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला बैलगाडीने जात, शिदोरी बांधून, वाटेत मुक्काम करून.

पुढे दिवस पालटले. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, मागाहून बोईसरला औद्योगिक वसाहत आली, घरटी एक तरी माणूस पाळीवर जाऊ लागला. २०१३ साली लोकल गाडी डहाणूपर्यंत आली. २०१४ साली पालघर जिल्हा झाला. हातात पैसा आला, दारात मोटारसायकल आली. यात्रा करणे सोपे झाले. परंतु एक गोष्ट पैशाने सोपी होत नाही, आणि तीच मला आज सांगायची आहे.

मी सात वर्षांचा असताना मला विषमज्वर झाला होता. ताप उतरेना. आईच्या माहेरची कुळदेवी वणीची सप्तशृंगी. त्या रात्री आईने तिला नवस बोलला, "पोर बरा होऊ दे, मी तुझ्या सगळ्या पायऱ्या पायाने चढून येईन आणि तुझी ओटी भरीन." मी बरा झालो. नवस मात्र राहिला. त्या वर्षी पैसे नव्हते. पुढच्या वर्षी घराची कौले उडाली. मग ताईचे लग्न, मग वडिलांचे आजारपण, मग माझी नोकरी, माझे लग्न. आई दरवर्षी म्हणायची, "यंदा वणीला जायचं," आणि आम्ही म्हणायचो, "जाऊ की." असे करता करता २९ वर्षे गेली. शेवटी २०१७ च्या मे महिन्यात आम्ही भावंडांनी मिळून गाडी ठरवली, तेव्हा आईचे दोन्ही गुडघे गेलेले होते. गुडघे होते तेव्हा पैसा नव्हता, पैसा आला तेव्हा गुडघे नव्हते. माझ्यासमोर बसलेल्या पुष्कळ जणींच्या घरी हेच झाले असेल.

आम्ही लहानथोर मिळून सोळा जण होतो. दादा-वहिनी, ताई-दाजी, मामा-मामी, आम्ही दोघे, सात मुले आणि आई. सतरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर केली होती. कारकुनाच्या स्वभावाप्रमाणे मी दोन दिवसांचे वेळापत्रक संगणकावर टाइप करून प्रत्येकाच्या हातात दिले. पहाटे पाचला प्रस्थान, सातला महालक्ष्मी, दुपारी जव्हार, रात्री त्र्यंबकेश्वरी मुक्काम, दुसऱ्या दिवशी बारा ते दीड गड चढणे, दर्शन व उतरणे. सगळे रकाने आखलेले. दाजी चेष्टेने म्हणालेही, "खाली सही-शिक्का राहिला." त्या कागदावर सगळे होते, फक्त गुडघ्यांचा रकाना नव्हता.

पहाटे निघून चिल्हार फाट्याने हमरस्त्याला लागलो आणि चारोटी ओलांडून विवळवेढ्याला महालक्ष्मीचे दर्शन घेतले. हमरस्त्याच्या कडेलाच मंदिर. दर्शन घेऊन गाडीत बसल्यावर माझ्या धाकट्याने मागच्या डोंगराकडे बोट दाखवून विचारले, "आजी, देवी गडावर राहते म्हणतात, मग ती खाली कशी?" तेव्हा आईने नातवंडांना गोष्ट सांगितली. आपल्या भागात ती सर्वांना ठाऊक आहे. देवी पूर्वी डोंगरावरच असे. एक गरोदर बाई तिच्या दर्शनाला डोंगर चढत होती. अर्ध्या वाटेत तिचे बळ संपले, चक्कर येऊन ती पडली. देवीला तिची दया आली. देवी म्हणाली, तू आता वर येऊ नकोस, मीच पायथ्याशी येते. तेव्हापासून देवी खाली आली. वरचे स्थान आजही आहे. चैत्री पौर्णिमेच्या मध्यरात्री वाघाडी गावचे पुजारी जव्हार संस्थानाचा ध्वज घेऊन तो अवघड कडा चढतात आणि निशाण लावून येतात. मग पंधरा दिवस यात्रा भरते. म्हणजे ज्याच्या अंगात बळ आहे त्याच्यासाठी वरचे निशाण, आणि ज्याच्या अंगात बळ नाही त्याच्यासाठी खालची देवी. दोन्ही एकाच देवीची रूपे. गोष्ट सांगून झाल्यावर आई खिडकीबाहेर बघत बसली. मी वेळापत्रक बघत होतो. आम्हाला वीस मिनिटे उशीर झाला होता.

कासा, जव्हार, मोखाडा, तोरंगणचा घाट चढून रात्री त्र्यंबकेश्वरी पोचलो. सकाळी ज्योतिर्लिंगाचे दर्शन झाले. पुढे नाशिक, दिंडोरी, वणी करीत नांदुरीला आलो, आणि तिथून सुमारे दहा किलोमीटरचा घाट चढून गडावर. तो घाट गाडीवानाच्या परीक्षेचा आहे. २००८ च्या जानेवारीत तिथे यात्रेकरूंची बस दरीत कोसळून चाळीसहून अधिक माणसे गेली होती. आमचे चालक सावकाश नेणारे होते, त्यांचे उपकार.

ज्यांनी गड पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडी जाते ती गडावरच्या गावापर्यंत. तिथून देवीच्या गाभाऱ्यापर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या, उभ्या कड्याला बिलगून गेलेल्या. या पायऱ्या सेनापती दाभाड्यांच्या घराण्यातील उमाबाईंनी अठराव्या शतकात बांधवून घेतल्या असे सांगतात. उमाबाईंचे माहेर त्याच मुलखातले, अभोण्याचे. पुढे त्यांनी स्वतः सेनापतिपदाचा कारभार पाहिला. मोठी बाई. तिला वर जाण्यासाठी पालखी मिळाली असती, पण तिने दुसऱ्यांसाठी पायऱ्या केल्या. वर कड्यातच कोरलेली देवीची आठ फुटी, अठरा हातांची, शेंदूरचर्चित मूर्ती. तिच्याही माथ्यावरच्या शिखरावर निशाण लावण्याचा मान दरेगावच्या गवळी घराण्याचा. तेही रात्रीच चढतात. आपल्या महालक्ष्मीसारखेच. मला याचे फार नवल वाटले.

पहिल्या पायरीशी आम्ही पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. आई दहा पायऱ्या चढली आणि कठड्याला धरून उभी राहिली. तोंडावर घाम. दाजींनी डोलीची गोष्ट काढली. आई म्हणाली, "माणसांच्या खांद्यावर एकदाच बसायचं असतं. आत्ताच कशाला?" सगळे हसले. हसण्यावारी गोष्ट गेली. मग मी ठरवले. कोणाला न विचारता ठरवले. आईला खाली आणून एका दुकानाच्या ओट्यावर बसवले, पाण्याची बाटली दिली आणि म्हटले, "आई, तू इथेच बस. ओटीचं सामान माझ्याकडे दे, मी भरतो. तासाभरात येतो." आईने पिशवीतून खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी काढून माझ्या हातात दिले. थोडे स्वतःकडे ठेवले. मी विचारले नाही का ठेवले. ती काही बोलली नाही. आपल्या आया असल्या वेळी बोलत नाहीत, आणि आपण त्याला होकार समजतो.

आम्ही वर गेलो. दर्शन झाले. ज्या नवसाने मी जिवंत राहिलो असे आई मानते, तो नवस मी तिच्याऐवजी फेडून टाकला, दीड मिनिटात, मागच्या रांगेचा धक्का खात. खाली आलो तर ओट्यावर आई नाही.

बंधू-भगिनींनो, ती पंधरा मिनिटे मी विसरणार नाही. मुले इकडे धावली, दादा गाडीकडे धावला, ताई रडू लागली. दुकानदार म्हणाला, "आजी तर केव्हाच पायऱ्या चढायला लागल्या." उतरताना आमचा घोळका मुलांना सांभाळीत, गर्दीतून एका बाजूने खाली आला होता, दुसऱ्या बाजूला कठड्याशी कोण बसले आहे हे आम्ही पाहिलेच नव्हते. मी परत वर धावलो. एका वळणावर आई बसलेली होती. एक पाय लांब केलेला, गुडघा सुजून टम्म. शेजारी खानदेशाकडची एक अनोळखी बाई पदराने तिला वारा घालीत होती. आणि आईच्या पुढ्यात, त्या पायरीवर, हळद-कुंकू वाहिलेले, मूठभर तांदूळ, एक सुपारी, एक हळकुंड. ओटी भरलेली. पायरीचीच.

मला पाहून आई म्हणाली, "एकशे बारा झाल्या. मोजल्या मी."

मी काय बोलणार? मी म्हटले, "आई, सांगायचं नाही का?" त्यावर ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तुझं वेळापत्रक चुकलं असतं." हे तिने रागाने म्हटले नाही, त्यामुळे ते जास्त लागले. मग म्हणाली, "देवीला म्हटलं, इतक्या माझ्या. बाकीच्या तू उतर."

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी फारसे बोलले नाही. मोखाड्याच्या पुढे आल्यावर माझ्या धाकट्याने विचारले, "आजी, मग देवी उतरली का?" आई म्हणाली, "ती बाई पाणी घेऊन आली ना." एवढेच.

पुढे २०१८ साली गडावर रुळांवरून चालणारी ट्रॉली सुरू झाली. पुढच्याच वर्षी मी आईला घेऊन गेलो. या खेपेस वेळापत्रक केले नाही. ट्रॉलीने काही मिनिटांत वर पोचलो. आईने देवीसमोर उभे राहून स्वतःच्या हाताने ओटी भरली. आता ती तृप्त झाली असेल असे मला वाटले. पण खाली आल्यावर म्हणाली, "माझी पायरी कुठली ते बघून ये." मी पायऱ्यांवर गेलो, मोजत गेलो, पण गर्दीत मोजणी चुकली. परत येऊन तसे सांगितले. ती म्हणाली, "कुठलीही असेल. कुंकू लाव एकीला." मी लावून आलो.

आता यातून मी काय शिकलो ते सांगतो. त्या दिवशी आई चढू शकली नाही याचे मला दुःख नाही. गुडघे कोणाचेही जातात. मला लाज वाटते ती याची की तिला विचारल्याशिवाय मी ठरवले. कुटुंबाची यात्रा म्हणजे सर्वांत जलद चालणाऱ्याची यात्रा नव्हे. सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पावलाने जी चालते ती कुटुंबाची यात्रा. एकाने खाली थांबायचेच असेल तर त्याच्याजवळ दुसऱ्याने थांबावे, आणि देवीला सांगावे की आमचे दोघांचे दर्शन इथूनच घे.

आपले देवसुद्धा हे जाणतात. आपल्या गावातले पुष्कळ जण केदारनाथ-बद्रीनाथ करून आले आहेत. केदारनाथ सुमारे साडेअकरा हजार फुटांवर. गौरीकुंडाहून सोळा किलोमीटरची चढण. २०१३ च्या जूनमध्ये तिथे महापूर येऊन हजारो माणसे गेली, तेव्हा कुठे लोकांना कळले की हिमालयात घाई चालत नाही. पण तिथली एक रीत मला फार आवडते. दिवाळीनंतर बर्फ पडू लागले की केदारनाथाची उत्सवमूर्ती डोलीत बसून खाली उखीमठला येते आणि हिवाळाभर पूजा तिथे होते. गंगोत्रीची गंगामाई मुखब्याला येते, यमुनोत्रीची यमुनामाई खरसालीला. भक्त वर जाऊ शकत नाहीत, तर देव खाली येतात. देवाला त्यात कमीपणा वाटत नाही.

आणि आपल्या महाराष्ट्रात? शिवाजी महाराजांची कुलदेवता तुळजापूरची भवानी. तिकडे जाणे त्या काळी संकटाचे होते. महाराजांनी १६६१ साली प्रतापगडावर भवानीची स्थापना केली. देवी जवळ आणली. म्हणजे ही आपली जुनी परंपरा आहे, मी काही नवे सांगत नाही.

आता आपल्या देवळाकडे येतो.

आपले जुने देऊळ कौलारू होते. लाकडी खांब, शेणाने सारवलेली, पुढे लादी घातलेली जमीन, आणि दोनच पायऱ्या. संध्याकाळी दिवा लागला की म्हाताऱ्या बायका येऊन खांबाला टेकून बसायच्या. कोण आजारी, कोणाची सून बाळंत, सगळी बातमी तिथे. परंतु रस्ता दरवेळी डांबर टाकून उंच होत गेला आणि देऊळ खाली राहिले. पावसाळ्यात पाणी गाभाऱ्यात शिरू लागले. म्हणून जीर्णोद्धाराचे ठरले, आणि जोते तीन फूट उंच घ्यायचे ठरले. ते योग्यच होते. नकाशा आला. सात पायऱ्या, संगमरवरी फरशी, एकेचाळीस फूट शिखर. सभेत सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या सभेचे इतिवृत्त लिहीत होतो. मीही टाळी वाजवली आणि "एकमताने मंजूर" असे लिहिले.

घरी आलो. आईने विचारले, "किती पायऱ्या झाल्या?" मी म्हटले, "सात." आई म्हणाली, "सात मी चढेन. एकशे बारा चढलेली बाई आहे मी." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण आमच्यातल्या किती जणी चढतील?" आणि तिने बोटांवर नावे मोजली. एकीला अर्धांगवायू. एकीचे खुब्याचे हाड मोडलेले. एकीला दिसत नाही. एक मुलगा, जो आईच्या कडेवर येत असे आणि आता कडेवर घेण्याइतका लहान राहिला नाही. अकरा नावे झाली. मी रात्रभर विचार केला. ज्या देवीने आमच्या पंचक्रोशीत एका बाईसाठी डोंगर उतरला, तिला आपण पुन्हा तीन फूट वर नेऊन ठेवणार, आणि म्हणणार तुम्ही ओट्यावर बसा, आम्ही तुमची ओटी भरून येतो. म्हणजे वणीला मी जे एकट्याने केले ते आता सगळा गाव मिळून करणार, आणि मी ते "एकमताने मंजूर" म्हणून लिहून ठेवले आहे.

पुढच्या सभेत मी आयुष्यात पहिल्यांदा उभा राहिलो. पायऱ्यांच्या जोडीला उतार हवा म्हणालो. हिशेब इंजिनिअर साहेबांनी समजावून दिला होता : एक फूट उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे तीन फुटांना छत्तीस फूट, मध्ये वळणावर सपाट जागा. विरोध झाला. तो झाला हे मी लपवीत नाही, आणि विरोध करणारेही देवीचे भक्तच आहेत. कोणी म्हणाले देऊळ दवाखान्यासारखे दिसेल. कोणी म्हणाले दर्शनी बाजू बिघडेल. कोणी विचारले पैसा कुठून आणणार. प्रश्न खरे होते. तीन सभा झाल्या.

शेवटी वाट निघाली. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसू लागले हे आपण जाणताच. इंजिनिअर साहेबांनी सांगितले की वरचे ओझे जितके कमी तितके बरे. म्हणून शिखर एकेचाळीसचे छत्तीस फूट झाले. ज्यांनी खास शिखरासाठी देणगी दिली होती त्यांच्या घरी समितीची माणसे जाऊन आली, आणि एकानेही नाही म्हटले नाही. एक जण तर म्हणाले, "शिखराला नमस्कार करतात, उतारावर पाय ठेवतील. चालेल, देवीच्या दारात माझा पैसा पायाखाली येऊ दे." शेजारच्या घरमालकांनी अंगणाची पट्टी सोडली आणि कागदही करून दिला. गुळगुळीत संगमरवराऐवजी बाहेर खरबरीत फरशी घातली, पावसात पाय सरकू नये म्हणून. कठड्याला दोन नळ्या लावल्या, एक मोठ्या माणसाच्या हाताला, एक मुलाच्या हाताला.

आणखी दोन गोष्टी केल्या. नारळ फोडण्याची जागा पायऱ्यांपासून दूर, वेगळी, पाणी वाहून जाण्यासाठी गटारासह केली. आत जाण्याची आणि बाहेर येण्याची वाट निराळी ठेवली. काहींना हे अति वाटले. परंतु २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीला काय झाले ते आठवा. अरुंद चढण, नारळाच्या पाण्याने निसरडी झालेली वाट, त्यात दुकानांना आग, आणि चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक माणसे गेली. ती सगळी आपल्यासारखीच कुटुंबे घेऊन आलेली होती. आपली यात्रा लहान आहे हे खरे. पण वाट बांधायची ती गर्दीच्या दिवसाचा विचार करून बांधावी.

मंडळी, उद्या कळस चढेल. सगळ्यांचे डोळे वर असतील, आणि ते असलेच पाहिजेत. आपल्या घामाचा आणि पैशाचा तो कळस आहे. महालक्ष्मीच्या कड्यावर निशाण लावणारा असतो तसा उद्या आपला एक तरुण कळसाशी उभा असेल. त्याचे कौतुक करा. पण एकदा खालीही पाहा. छत्तीस फूट वर शिखर आहे आणि छत्तीस फूट लांब उतार आहे. हा योग आम्ही जुळवला नाही, तो जुळून आला. मला तो देवीचा कौल वाटतो.

माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, या उतारावर मोटारसायकली लावू नका. हसू नका, काम चालू असतानाच दोन लावलेल्या मी पाहिल्या. दुसरी, उत्सवात मांडवाचे बांबू आणि खेळण्यांची दुकाने उताराच्या तोंडाशी येऊ देऊ नका. तिसरी आणि महत्त्वाची : उद्या येताना प्रत्येक घराने आपल्या घरातले किंवा शेजारचे एक असे माणूस बरोबर आणावे, की जे देवळात यायचे बंद झाले आहे. "त्यांना नाही जमणार" असे त्यांच्या वतीने ठरवू नका. आधी विचारा. आणि त्यांच्या पावलाने चाला.

माझी आई समोर बसली आहे. तिने मला ही गोष्ट सांगायला परवानगी दिली, पण एका अटीवर : ती चढलेल्या पायऱ्यांचा आकडा बरोबर सांगायचा. एकशे बारा. मी सांगितला आहे, आणि समितीच्या वहीतही लिहून ठेवतो.

  

बोला, गावदेवी मातेचा उदो उदो!